खाऊ किती वयापर्यंत

साल्तोहून आलेल्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. हे वाक्य असं सरळ लिहायला मला तेहतीस वर्षं लागली. आजवर मनातल्या मनात मी ते निरनिराळ्या तऱ्हांनी लिहीत आलो होतो. उत्तर द्यायचं राहून गेलं. पत्ता नीट लागत नव्हता. त्या वर्षी टपालवाल्यांचा संप होता. संप होता हे खरं, पण तो नऊ दिवसांचा. पत्ता तर इतका स्वच्छ होता, की शाळेतल्या मुलीनं ओळी आखून लिहावा. साल्तो हे उरुग्वेतलं एक नदीकाठचं गाव. तिथून नेलिदा विन्योली नावाच्या बाईनं पातळ निळ्या कागदावर दोन पानं लिहिली होती आणि शेवटी मला एकच गोष्ट विचारली होती. मी ते पत्र एकदा वाचलं, घडी केली, किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांच्या मडक्यांवर माझ्याकडे एक जाडजूड पुस्तक आहे त्यात ठेवलं आणि ते पुस्तक सगळ्यात वरच्या फळीवर सारलं. त्यानंतर त्याला मी हात लावला नाही. माझ्यासारख्या माणसानं एक पुस्तक कायमचं सोडून द्यावं म्हणजे काय, ते वाचणाऱ्यांनाच कळेल.

परवा मंगळवारी बस बंद पडली नसती तर ते तिथंच राहिलं असतं. आमच्या वान्चाको गावाहून त्रुहियो शहरात मी दर मंगळवारी जातो, वाचनालयाची दोन पुस्तकं परत करतो, दोन घेऊन येतो. परवा चान चानच्या, म्हणजे जुन्या लोकांच्या मातीच्या पडक्या नगराच्या, फाट्याशी बसनं आचका दिला आणि ती उभीच राहिली. कंडक्टर ओरडला, "उतरा, उतरा, पाय मोकळे करा! मास्तर, तुम्ही बसलात तरी चालेल, तुमच्यापेक्षा तुमची पुस्तकं जड आहेत." सगळे हसले. मीही हसलो, आणि लोक हसल्यावर मला जसं नेहमी होतं तसं कुठंतरी निघून जावंसं वाटलं. समोर कच्चा रस्ता होता. धुकं अजून उठलं नव्हतं. मातीचे तट कुठे संपतात आणि आभाळ कुठे सुरू होतं ते दिसत नव्हतं. या रस्त्यानं मी सव्वीस वर्षं चालत गेलो होतो, प्रवाशांना अवशेष दाखवायला. निवृत्त झाल्यापासून एकदाही नाही. पाय आपसूक त्या बाजूला वळले. फाटकावरच्या म्हाताऱ्या रखवालदारानं मला ओळखलं. मी खिसे चाचपू लागलो तर म्हणाला, "तिकीट कसलं काढताय? मास्तर, तुम्ही आता प्रवासी नाही, तुम्ही अवशेष आहात."

मला सगळे मास्तर म्हणत, कारण मी पुस्तकातलं सांगत असे. गाईड म्हणून मी वाईटच होतो. खाली बघून, हलक्या आवाजात, पाठ केल्यासारखं बोलायचो, मागून कुणीतरी हमखास म्हणायचं, "जरा जोरात!" जोरात बोललो की मला माझाच आवाज खोटा वाटे. आत शिरलो तेव्हा मोठ्या चौकाच्या पलीकडे, मासे कोरलेल्या भिंतीपाशी, आठ-दहा प्रवासी उभे होते आणि एक मुलगी त्यांना सांगत होती. खणखणीत आवाज. मी ओळखलं, ही युलिसा, माझ्याबरोबर कामाला असलेल्या सेगुन्दोची नात. सेगुन्दो जाऊन बरीच वर्षं झाली. "हात लावायचा नाही हं काका, ती माती आहे, तुमच्या घरचा ओटा नाही," ती एकाला म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून बोलू लागली. "ज्या आईचं मूल मरायचं, ती दरवर्षी त्याच दिवशी गावात दुसरं मूल शोधायची. कुठलंही नाही. आपलं मूल जगलं असतं तर आज जेवढं असतं, तेवढ्याच वयाचं. त्याच्या हातावर खाऊ ठेवायची. आणि इथं भिंतीवर एक मासा कोरला जायचा, आदल्या वर्षीपेक्षा किंचित मोठा. बघा, मोठे होत जातात की नाही?" सगळ्यांनी माना पुढे काढल्या. एक बाई म्हणाली, "होतात हो!" ते मासे एका साच्यातले आहेत, एका मापाचे. "आणि अशी ती आई," युलिसा म्हणाली, "स्वतः मरेपर्यंत देत राहायची."

मरेपर्यंत. त्या बाईनं रुमाल काढला. मी मागे एका कोपऱ्याला टेकून उभा होतो. पाठीला ओल लागत होती. मला फक्त साल्तोचा एक रस्ता दिसत होता. मी तो कधीच पाहिलेला नाही. त्या रस्त्यावर एक पासष्टीची बाई, हातात कागदाची पुडी घेऊन, येणाऱ्याजाणाऱ्या चाळिशीच्या माणसांचे चेहरे निरखत उभी होती.

ती गोष्ट जुन्या लोकांची नव्हती. कुठल्याही पुस्तकात ती नव्हती. ती मी रचली होती, एकोणऐंशी साली, त्याच भिंतीपाशी, एका माणसासाठी. रचली हा शब्दही बरोबर नाही. मी ती घरातून चोरून आणली होती.

माझी बायको दोमितिला उत्तरेकडची, काताकाओसची. त्यांच्याकडे अशी रीत आहे, की सर्व संतांच्या दिवशी, नोव्हेंबरच्या पहिल्या सकाळी, ज्यांची मुलं गेली आहेत त्या आया पिशव्या भरून गावच्या चौकात येतात. खोबऱ्याच्या वड्या, रताळ्याचा हलवा, गुलाबी साखरेच्या बाहुल्या, बोटभर पाव. आपलं मूल ज्या वयात गेलं त्या वयाचं मूल दिसलं की त्याला देतात. तिथं कुणी दचकत नाही. लोक मुद्दाम मुलांना घेऊन येतात. आमच्या वान्चाकोत हे कुणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. दोमितिलानं ते पहिल्यांदा केलं बाहत्तर साली. त्या वर्षी मार्चमध्ये आमचा एलॉय गेला, सहा वर्षांचा. गावाच्या उत्तरेला लव्हाळ्याचे खड्डे आहेत, तिथल्या लव्हाळ्याच्या कोळी होड्या बांधतात. मुलं लव्हाळा कापायला गेली होती, हा त्यांच्यामागून गेला. पाणी माझ्या कमरेइतकं होतं. त्या वेळी मी चान चानमध्ये जुन्या राजाच्या तलावाच्या काठावर उभा होतो. तोही तसाच लव्हाळ्यानं भरलेला आहे. कुणीतरी विचारलं, "किती खोल असेल?" आणि मी पुस्तकातला आकडा सांगत होतो. बरोबर तेव्हाच का, ते मला माहीत नाही. पण मी वेळ जुळवून पाहिली आहे आणि ती जुळते.

पहिल्या वर्षी तिनं सहाच्या मुलाला दिलं. दुसऱ्या वर्षी सातच्या. तिच्या आईनं काताकाओसहून निरोप धाडला, की असं करत नाहीत, मूल ज्या वयात जातं त्याच वयाचं राहतं, रीत ती रीत. दोमितिला परातीत वड्या थापत होती. म्हणाली, "माझा एलॉय काय जन्मभर पहिलीतच बसणार?" तेवढंच. ती पिशवी घेऊन निघाली. मी खुर्चीत होतो, पुस्तक उघडं. ती दारात थांबली. दरवर्षी थांबायची. "येतोस का, निका?" दरवर्षी मी म्हणायचो, "तू हो पुढं, एवढं प्रकरण संपवून येतो." ती परत येईपर्यंत ते प्रकरण मी संपवलेलं नसे. गावातल्या बायका सुरुवातीला मुलांना घरात ओढून घेत. नंतर सवय झाली. कुणी कुणी तर येऊन सांगू लागल्या, "आमच्या वाल्तेरला ऑगस्टमध्ये अकरा झाली, दोमितिला, तुझ्या माहितीसाठी." या सगळ्यातलं तिनं मला काहीच सांगितलं नाही. शेजारच्या घरातलं बोलणं भिंतीतून यावं तसं मी ते ऐकत राहिलो.

नेलिदा विन्योली आली तेव्हा तिशीची असेल. बरोबर नवरा, आदेमार, उंच, ऊन लागून लाल झालेला. बारा जणांचा गट होता. मी माशांचं सांगत होतो: काही मासे उत्तरेकडे तोंड करून आहेत, काही दक्षिणेकडे, हे दोन समुद्रप्रवाह असावेत, एक थंड, एक उबदार, असं तज्ज्ञ म्हणतात. "जरा जोरात!" आदेमार म्हणाला. मग गट तलावाकडे निघाला. ती बाई निघेना. तिचा एक हात भिंतीवर होता. तेव्हा कठडे नव्हते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, कारण मला तलावाकडे जायचं नव्हतं. एलॉय गेल्यापासून तिथं मी गटाला पुढे पाठवत असे आणि स्वतः मागे रेंगाळत असे. ती म्हणाली, "माझा मुलगा चार वर्षांचा होता. मागच्या हिवाळ्यात. तीन दिवस ताप होता फक्त." आणि मग, "लोक म्हणतात दुसरं होईल. तो कुठं गेला ते कुणी सांगत नाही." माझ्या तोंडून कधी कुणाशी वावगा शब्द गेलेला नाही आणि योग्य शब्दही फारसा गेलेला नाही. 'माझाही गेला' एवढं मला म्हणता आलं असतं. त्याऐवजी मी म्हणालो, "जुने लोक..." आणि पुढचं सगळं दोमितिलाचं होतं. मासे मोठे होत जातात, हे मात्र माझं. तिनं ते मापून पाहिलं नाही. ती रडली नाही, फक्त म्हणाली, "म्हणजे तो यंदा पाच." इतका उजेड मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर आणलेला नाही. मागे सेगुन्दो उभा होता हे मला कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तो ती गोष्ट सांगू लागला, माझ्यापेक्षा कितीतरी चांगली.

दोन वर्षांनी पत्र आलं. 'मी दरवर्षी देते,' तिनं लिहिलं होतं. 'आमच्याकडे ही रीत नाही. यंदा सात वर्षांच्या एका मुलाच्या आईनं पुडी त्याच्या हातातून हिसकावून गटारात टाकली. आदेमार म्हणतो, गाईड लोक प्रवाशांसाठी असल्या गोष्टी रचतात. तो वाईट माणूस नाही, शेजाऱ्यांना भितो एवढंच. मी त्याला म्हटलं, तो माणूस खोटं बोलणारा वाटला नाही. खरं तर तो बोलणाराच वाटला नाही. पण एक तुम्ही सांगायचं विसरलात, की मी विचारायचं विसरले. किती वयापर्यंत द्यायचं? एक ओळ पाठवा. त्या ओळीवर मी राहीन.'

मला माहीतच नव्हतं. तेव्हा एलॉय पंधराचा झाला असता आणि दोमितिला अजून देत होती. 'गोष्ट खरी आहे' असं लिहिलं तर ते खोटं. 'खोटी आहे' असं लिहिलं तर त्या बाईच्या हातून पुडी मीच गटारात टाकल्यासारखं. खरं लिहायचं तर आधी दोमितिलाला विचारायला हवं, किती वयापर्यंत? आणि ते विचारायचं म्हणजे सांगायला हवं, की तू चौकात काय करतेस ते मला सगळं ठाऊक आहे, खुर्चीतून न उठता ठाऊक आहे, आणि तुझ्याबरोबर चार पावलं चाललो नाही तो मी एका परक्या बाईसमोर ते जुन्या लोकांचं म्हणून सांगून आलो आहे. आज नको, उद्या. संप संपला. मग पुस्तक वरच्या फळीवर गेलं.

तीन वर्षांनी, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, दोमितिला लवकर परत आली. पिशवी रिकामी होती. खुर्चीत न बसता ती उंबऱ्यावरच बसली आणि चपला काढता काढता हसू लागली. "अठराचा मिळाला," म्हणाली, "उकान्यानांचा मोठा. होडी ओढत होता. मी म्हटलं, घे. तो म्हणतो, आई, मला कसला खाऊ देताय, मला मिशी आलीय! सगळे कोळी हसले त्याला. पण घेतलान. तिथंच उभ्या उभ्या खाल्लान." मग तिनं दुसरी चप्पल काढली. "झालं, निका. आता तो मोठा झाला. आता त्याचं तो बघेल." मी पुस्तकातून मान वर केली होती. काहीतरी बोलायला हवं होतं. ती उठली, आत जाता जाता माझ्या मागच्या फळ्यांवरची धूळ शालीच्या टोकानं झटकल्यासारखं केलं आणि म्हणाली, "विचारणाऱ्याला उत्तर द्यावं." मी म्हणालो, "कुणाला?" ती म्हणाली, "असंच म्हणते." त्या रात्री जेवताना आम्ही माशाच्या किमतीबद्दल बोललो. पुढची पंचवीस वर्षं तिनं कधी पिशवी काढली नाही, आणि मी कधी विचारलं नाही. गेली तेव्हाही मला वाटतं तिनं माझी वाट पाहिली, मी एवढं प्रकरण संपवून येईन म्हणून.

परवा गट पुढे गेल्यावर युलिसानं मला पाहिलं. "अय्या, मास्तर! आजोबा तुमच्याबद्दल सांगायचे. म्हणायचे, निकानोरला सगळं येतं, फक्त ऐकू येईल असं बोलता येत नाही." मी विचारलं, "ती आईची गोष्ट कुठं वाचलीस?" "आजोबांकडूनच ऐकली. पुस्तकात असेलच की. तुम्ही एवढी वाचलीत, तुम्हीच सांगा." "मरेपर्यंत देत नसत," मी म्हणालो. "मग?" "अठरापर्यंत." माझा आवाज तटांवर आपटून परत आला, इतक्या जोरात मी बोललो होतो. पुढे गेलेले दोन प्रवासी वळून पाहू लागले. युलिसानं विचारलं, "कोण म्हणतं?" "माझी बायको." ती हसली, थट्टा समजून. मग हसू आवरून म्हणाली, "पण मास्तर, मरेपर्यंत म्हटलं की बायका रडतात. अठरा म्हटलं तर काय करतील?" मी म्हणालो, "घरी जातील."

फाट्यावर बस निघून गेली होती. माझी वाचनालयाची पुस्तकं तिच्यातच राहिली. मी दुसऱ्या बसनं घरी आलो, स्टुलावर चढलो. या वयात ते करू नये. मडक्यांचं पुस्तक खाली घेतलं तेव्हा ते मला वाटलं होतं तेवढं धुळीनं भरलेलं नव्हतं. पत्र होतं. घडी उघडली तर दुसऱ्या पानावर, 'किती वयापर्यंत' या ओळीच्या शेजारी, एक फिकट गुलाबी डाग होता. बोटाएवढा. गुलाबी साखरेच्या बाहुल्यांचा रंग हाताला लागला की दिवसभर निघत नसे. तो तिचा असेल. माझाही असू शकेल. परातीतून उचलून मीही खात असे. त्या दिवशी पत्र वाचताना माझे हात स्वच्छ होते का, हे मी बुधवारची सगळी दुपार आठवत बसलो. आठवलं नाही. एवढी पुस्तकं वाचून मला माझ्याच घरातला एक डाग वाचता येत नाही. पण दोमितिलाला वाचता येत होतं. हळू, बोट ठेवून वाचायची ती.

मग मी लिहायला बसलो. अकरा कागद फाडले. दहांत मी माफी मागत होतो, आणि नेलिदाला माफी नको होती, तिनं एक आकडा मागितला होता. बारावा असा आहे:

'सेन्योरा नेलिदा, अठरा वर्षांपर्यंत. हे आधी लिहितो, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. ही रीत जुन्या लोकांची नाही. माझी बायको दोमितिला हिची आहे. आमचा मुलगा एलॉय सहाचा असताना पाण्यात गेला. तिनं त्याला दरवर्षी एकेक वर्षानं वाढवलं आणि तो अठराचा झाल्यावर जाऊ दिलं. मासे सगळे सारखेच आहेत, ते मी खोटं सांगितलं. बाकीचं सगळं घडलेलं आहे. मी दाराआडून ऐकलेलं आहे. तुमचा मुलगा कधीच मोठा झाला. तुम्ही अजून देत असाल तर तो दोष माझा आहे, तुमचा नाही. शेवटचा खाऊ एखाद्या मिशीवाल्याला द्या. तो हसेल. हसू द्या. निकानोर आस्मात.'

आज सकाळी त्रुहियोच्या टपाल कचेरीत गेलो. खिडकीतली बाई पाव खात होती. तिनं पाकीट उलटंसुलटं केलं. "आजोबा, यावर पिनकोड नाही."

"तेव्हा नसायचा."

"तेव्हा म्हणजे?"

"एक्याऐंशी साली."

"अगं आई! घर तरी असेल का तिथं?" तिनं पाव खाली ठेवला. "रजिस्टर करा. नाही पोचलं तर परत तरी येईल."

"परत कुणाकडे येतं?"

"पाठवणाऱ्याकडे. आणखी कुणाकडे येणार? इथं नाव लिहा, पाठवणाऱ्याचं."

मी लिहिलं. तिनं वाचलं, "दोमितिला यारलेके. ही कोण?"

"माझी बायको. पत्र तिचं आहे. मी लिहून दिलं फक्त."

"मग सही तिची लागेल."

"ती येऊ शकत नाही."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आवरा हो, दुपार होईल इथंच." बाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या नावाकडे. "बरं. नवऱ्याची चालेल. नीट वाचता येईल अशी करा."

मी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत सही केली. तिनं शिक्का मारला आणि मागे न बघता पाकीट पोत्यात टाकलं. पोतं रिकामं असावं; पाकीट तळाशी पडलेलं मला ऐकू आलं.